हाताची घडी, तोंडावर बोट

"हाताची घडी, तोंडावर बोट!" ही आज्ञा मीं शाळेंत तीसएक वर्षें दिली. वर्ग निश्चल झाला म्हणजे विद्येचा मार्ग मोकळा झाला, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. विद्या ही बुद्धीची वस्तु. तींत हातापायांचें काय काम?

एक मुलगा मात्र पाढे म्हणतांना सारखा डुलत असे. त्यास ताठ उभें केलें कीं, सतराचा पाढा मध्येंच अडे. "घरीं येतो, गुरुजी," असें तो काकुळतीनें म्हणे. मी त्यास लबाड ठरवून छडी उचलीत असें.

हल्लीं यंत्रमानवांविषयीं वाचतांना ती छडी माझ्याच हातावर बसली. ॲलन ट्यूरिंग या इंग्रज गणितज्ञानें १९५० सालीं सुचविलें होतें कीं, यंत्रांत प्रौढाचें मन उतरविण्यापेक्षां बालकाचें मन उतरवावें व मग त्यास शिक्षण द्यावें. शिक्षा आणि बक्षिसें हा त्या शिक्षणाचा फार तर एक भाग होय, असेंही त्यानें बजाविलें होतें. पुढें इटलींतील जिनोआ येथें 'आयकब' नांवाचा यंत्रमानव तयार झाला. उंची सुमारें एक मीटर. डोळ्यांच्या जागीं कॅमेरे, वळणारीं बोटें.

२०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत त्यास दोन वस्तु दाखविल्या, एक डावीकडे व एक उजवीकडे. मग वस्तु दृष्टीआड असतां एका बाजूकडे लक्ष वेधून नांव उच्चारलें. तें नांव त्या जागीं पाहिलेल्या वस्तूशीं जोडलें गेलें. परंतु मध्यंतरीं देहाची ठेवण बदलली, तेव्हां ती जोड जुळेना. यावरून बांधलेलें अनुमान लहानग्या बालकांवर पडताळून पाहिलें, तों बसलेल्या बालकास उभें करतांच तेंच घडलें!

म्हणजे ज्ञानाची गांठ केवळ मस्तकांत नव्हे, देहाच्या ठेवणींतही असते. हें मला नवें कां वाटावें? बाळपणीं मंत्र शिकतांना स्वराबरोबर मान हालविण्यास मला गुरुजींनींच शिकविलें होतें. आजही सूक्त म्हणतांना मान आपोआप हालते. स्वतः तसा शिकलों, आणि दुसऱ्यांच्या मुलांस मात्र खांबासारखें बसविलें!

एवढ्या प्रयोगावरून पाढ्यांचा सिद्धांत काढणें धाडसाचें होईल, हें मी जाणतों. परंतु त्या मुलास शिक्षा करण्यास माझ्यापाशीं तेवढाही आधार नव्हता. तो आतां चाळिशीच्या घरांत असेल. भेटल्यास त्याची क्षमा मागावयाची आहे.

परवां माझी नात झोपाळ्यावर पाढे म्हणत होती. सूनबाईनीं हटकलें, "एका जागीं नीट बसून म्हण पाहूं!"

"सूनबाई, झुलूं दे तिला," मीं म्हटलें.

नात सतराच्या पाढ्यावर आली. झोपाळा थांबला नाहीं, आणि तीही कोठें अडली नाहीं.