पॅडॉकच्या कठड्यापाशी

डिसेंबरात मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर टू थाउजंड गिनीज झाली की रेसवाल्यांत एकच वाद पेटतो : सोळाशे मीटर मारलेला हा घोडा फेब्रुवारीत डर्बीचे चोवीसशे मीटर काढेल का? माझ्या लहानपणीही हाच वाद व्हायचा. तेव्हा मैल आणि दीड मैल म्हणणारी जुनी मंडळी होती, एवढाच फरक. उत्तर शोधायची रीत मात्र पार बदलली.

माझे काका पुण्याच्या कॅम्पातले. पावसाळ्यात पुण्याचा सीझन सुरू झाला की ते मला पहाटे रेसकोर्सवर न्यायचे. धुक्यातून आधी टापा ऐकू यायच्या, मग घोडा दिसायचा. कठड्यापाशी स्टॉपवॉचवाले उभे असायचे. काकांच्या हातात काहीच नसे. ते म्हणायचे, "वेळ कुणीही मोजेल रे. पळून आल्यावर त्याचा श्वास किती लवकर बसतो ते बघ. लवकर बसला तर लांबचा घोडा." मग घरी येऊन ‘कोल’चं रेसिंगचं पुस्तक उघडायचं. बाप कोण, आई कोण, आईची आधीची पिल्लं किती अंतरावर जिंकली, हे पेन्सिलीनं समासात लिहायचं. बाप मैलाचा, पण आईकडून दम आलेला, अशा घोड्यावर त्यांचा फार जीव.

खरी परीक्षा पॅडॉकमध्ये. सईस घोडा फिरवू लागला की काका बोलणं बंद करायचे. चालताना मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशापलीकडे पडतो का? मांड्या भरल्यात का? कातडीवर तुकतुकी आहे का? मागच्या पायांमध्ये घामाचा पांढरा फेस आला असेल तर त्या घोड्याची निम्मी रेस तिथंच संपली, असं ते मानत. कान शांत, पण पुढे लागलेले हवेत. एवढं बघून झाल्यावरच ते बुकीच्या फळ्याकडे वळत, आणि फळ्यावरचा भाव त्यांचं मत क्वचितच बदले.

स्क्वॉन्डररबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलायचा. ट्रेनर रशीद बैरामजींचा हा घोडा १९७६-७७ च्या हंगामात ट्रिपल क्राउनचा मानकरी ठरला; एकोणीस रेसेसपैकी अठरा जिंकला. आकडे पुस्तकातही आहेत. काका सांगत ती त्याची चाल : घाई नाही, दिखावा नाही. घरात पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे ही जॉकींची नावं क्रिकेटपटूंच्या बरोबरीनं घेतली जात.

आज माझा पुतण्या मोबाइलवर घोड्याच्या मागच्या सगळ्या रेसेस पाहतो. शेवटच्या सहाशे मीटरची वेळ, वजनातला फरक, अमुक ट्रेनर-जॉकीच्या जोडीचा हिशेब, सगळं हाताशी. हे मला मनापासून चांगलं वाटतं. पूर्वी तबेल्यात ज्याची ओळख, त्याच्याकडे खरी खबर. बाकीच्यांनी अफवांवर पैसे लावायचे. मॉक रेसमध्ये कोण मोकळा पळाला आणि कुणाला जॉकीनं धरून ठेवलं, हे आता गिरगावातल्या कारकुनालाही दिसतं. तेवढा न्याय यंत्रानं नक्की केला.

पण आकडे कालचे असतात. डर्बीच्या दुपारची गर्दी, बँड, ऊन, आरडाओरडा या सगळ्यांत चार वर्षांचं ते जनावर आज कसं आहे, हे कुठल्याही तक्त्यात येत नाही. गिनीजमध्ये वेगानं भुलवणारा घोडा पॅडॉकमध्येच स्वतःला जाळून घेत असेल, तर चोवीसशे मीटरला तो सरळीत उभा राहतो. आणि दीड किलोची सूट घेऊन शांतपणे फिरणारी एखादी घोडी त्याला मागे टाकते. १९४३ ची पहिली इंडियन डर्बी प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीनंच मारली होती, हे आजचे अंदाजवाले विसरतात.

घोड्याची ही पारख म्हणजे कौशल्य आहे, असं १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं. काकांनी ते कात्रण जपून ठेवलं होतं. पुढे मात्र लावलेल्या पूर्ण रकमेवर जीएसटी लागला, आणि २०२५ पर्यंत तो अठ्ठावीस टक्के होता. कौशल्य मान्य आणि कर जुगाराचा, हा अन्याय आहे. त्यानं सर्वांत आधी दुखावला तो छोटं तिकीट काढून दिवसभर घोडे बघणारा माणूस. महालक्ष्मीची मोठी जागाही आता उद्यानासाठी गेली आहे. ट्रॅक राहिला, याचं समाधान मानायचं.

येत्या फेब्रुवारीत डर्बीला जाणार असाल तर एक करा. रेसच्या बऱ्याच आधी पॅडॉकपाशी जागा धरा, फोन खिशात ठेवा आणि सगळे घोडे दोनदा फिरेपर्यंत भावाच्या फळ्याकडे बघू नका. सोबत घरातलं एखादं पोर असेल तर त्याला पुढे उभं करा.