उलटणारा ताप

हिवताप गेला, असे आम्ही केव्हा म्हणतो? हुडहुडी थांबली, घाम येऊन अंग निवाले, रुग्ण पेज मागू लागला, की आम्ही देवाचे आभार मानतो आणि उरलेल्या गोळ्या फडताळात जातात. काही महिन्यांनी ताप पुन्हा येतो. ‘ताप उलटला’ म्हणत आम्ही दारच्या गटाराला दोष देतो.

पुष्कळदा तो ताप बाहेरून आलेलाच नसतो. व्हायव्हॅक्स जातीचे परजीवी रक्तातून नाहीसे झाले तरी त्यांची काही रूपे यकृतात निद्रिस्त राहतात. नेहमीच्या रक्ततपासणीत ती दिसत नाहीत. क्लोरोक्विनने मरत नाहीत. सतराव्या शतकात येशूसंघीयांनी पेरूहून रोमला नेलेली सिंकोनाची साल असंख्य रुग्णांना तारणारी ठरली. परंतु यकृतातील या झोपलेल्या शत्रूपुढे तीही निरुपाय होती. फॅल्सिपेरमचे परजीवी यकृतात असे दडत नाहीत. मात्र वारंवार हिवताप सोसलेल्याच्या रक्तात ते ताप न आणता महिनोन्महिने राहू शकतात. असा माणूस शेतावर जातो, रविवारी मिस्साला येतो. त्याला चावलेला ॲनोफिलीस डास पुढे शेजारच्या तान्हुल्याला चावतो.

म्हणून उतरलेले आकडे फसवे ठरतात. भारतात १९६१ साली रुग्णसंख्या सुमारे ५० हजारांवर आली होती. १९७६ साली ती ६४ लाखांवर गेली. श्रीलंकेत १९६३ साली अवघे १७ रुग्ण उरले होते. फवारणी थांबली, पाळत सैलावली आणि १९६८-६९ मध्ये लाखोंना ताप आला. कारणे अनेक होती. पण पुन्हा पेटायला थोडे निखारे पुरले. त्याच श्रीलंकेला चिकाटीमुळे २०१६ साली हिवतापमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

भारताने त्यासाठी २०३० साल ठरविले आहे. यकृतातील परजीवींवर प्रायमाक्विन चालते. ते आपल्याकडे १४ दिवस देतात. काहींच्या रक्ताला ते सोसत नाही, गर्भवतींना वर्ज्य असते. म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे आणि घेतले की पुरे करावे.

ताप तीन-चार दिवसांत उतरतो. उरलेल्या दिवसांच्या गोळ्या बरे वाटत असताना घ्यायच्या असतात. त्या आपल्या उद्यासाठी असतात, तशाच शेजाऱ्याच्या लेकरासाठीही. शेजारप्रेमाचे प्रवचन आम्ही दर रविवारी ऐकतो. सोमवारी सकाळी ते एखाद्या लहानशा गोळीच्या रूपानेही आमच्यापुढे येते.