मूठ जेमतेम मुरडलेली असताना: एका बुल्टाको शेर्पाच्या कार्ब्युरेटरची कहाणी

१/१५
२०२२ सालचा वसंत. इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातल्या एका गॅरेजात एक मोटारसायकल वारंवार बंद पडत होती. भरधाव वेगात नव्हे, तर चढावर, मूठ जेमतेम मुरडलेली असताना. गाडी १९७२ ची बुल्टाको शेर्पा टी, टू-स्ट्रोक, २४४ सीसी. मालक सत्तरी ओलांडलेला जुना स्वार. त्याची बोटे आता थरथरत, म्हणून पाना त्याच्या नातीच्या हाती होता. शरद ऋतूत जुन्या गाड्यांच्या एका छोट्या ट्रायलमध्ये ती हीच गाडी चालवणार होती.

२/१५
ट्रायल ही शर्यत नव्हे. ओढे, निसरडे खडक, झाडांची मुळे यांतून आखलेल्या छोट्या टप्प्यांवरून पाय न टेकता गाडी न्यायची, हा तिचा गाभा. १९६०-७० च्या दशकांतील हिशेब असा: एकदा पाय टेकला तर १ दंडगुण, अनेकदा टेकला तर ३, गाडी थांबली तर ५. ज्याचे दंडगुण सर्वांत कमी, तो विजेता. थोडक्यात, इंजिनाची एक उचकी म्हणजे थेट पाच गुणांचा भुर्दंड.

३/१५
या गाडीचे मूळ बार्सिलोनात. फ्रान्सेस्क बुल्टो हा माँटेसा कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. शर्यतींतून माघार घेण्याच्या निर्णयावरून त्याचे भागीदाराशी बिनसले आणि १९५८ मध्ये त्याने स्वतःचा कारखाना उभारला. ‘बुल्टो’ हे आडनाव आणि ‘पाको’ हे त्याचे लाडके नाव यांच्या जोडातून ‘बुल्टाको’ हे नाव जन्मले.

४/१५
त्या काळी ट्रायलवर ब्रिटिश फोर-स्ट्रोक गाड्यांचे राज्य होते. बेलफास्टचा सॅमी मिलर आपल्या ५०० सीसी वर्गातील एरियलवर १९६२ आणि १९६४ ची स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकून शिखरावर होता. १९६४ च्या अखेरीस तो बुल्टोकडे गेला आणि त्याच्या सल्ल्याने शेर्पा टी आकाराला आली. १९६५ मध्ये त्याने तीच स्पर्धा या हलक्या स्पॅनिश टू-स्ट्रोकवर जिंकली. जड ब्रिटिश फोर-स्ट्रोकचे दिवस भरत आल्याची ती खूण होती.

५/१५
जिंकले ते हलके वजन आणि मंद गतीवरचा ताबा. मात्र मंद गतीची जबाबदारी कार्ब्युरेटरवर येते. मूठ जितकी उघडते, त्यानुसार त्याचे वेगवेगळे भाग कारभार पाहतात. पहिल्या आठव्या भागापर्यंत पायलट जेट आणि हवेचा स्क्रू. तिथून पाव भागापर्यंत स्लाईडचा तिरपा काप. पुढे पाऊण भागापर्यंत सुई. आणि शेवटी मेन जेट. या सीमा काटेकोर नाहीत. शेजारच्या दोन राज्यांप्रमाणे त्या एकमेकींत मिसळतात.

६/१५
नातीने आधी मेन जेट बदलला. बहुतेक नवशिके हेच करतात, कारण तो सर्वांत सहज हाती येतो. आजोबांनी तिला अडवले नाही. गाडी पुन्हा बंद पडल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “टप्प्यात पूर्ण मूठ किती वेळा उघडतेस?” उत्तर होते, जवळजवळ कधीच नाही. जो भाग कामावरच नव्हता, त्याच्यावर आरोप ठेवून ती मोकळी झाली होती.

७/१५
कार्ब्युरेटर होता अमल कंपनीचा. १९२७ मध्ये अमॅक, बिंक्स आणि ब्राउन अँड बार्लो या तीन कार्ब्युरेटर उत्पादकांच्या एकत्रीकरणातून ही बर्मिंगहॅमची कंपनी निर्माण झाली. १९६७ मध्ये तिने ‘कॉन्सेंट्रिक’ आणला. जुन्या रचनांत फ्लोटचे भांडे बाजूला असे, त्यामुळे गाडी कलली की जेटपाशी पेट्रोलची पातळी बदले. नव्या रचनेत भांडे थेट मेन जेटभोवती आले. सतत कलणाऱ्या ट्रायल गाडीसाठी हा बदल मोलाचा होता.

८/१५
मग तपास पायलट जेटकडे वळला. त्याचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. कार्ब्युरेटर उघडल्यावर त्या मार्गात तपकिरी, चिकट थर आढळला. तारेने खरवडले तर छिद्र मोठे होते, म्हणून क्लीनर आणि दाबाची हवा वापरून मार्ग साफ केला. हवेचा स्क्रू अलगद पूर्ण आत नेऊन दीड आटा बाहेर घेतला. गाडी सुरळीत चालली. फक्त एक दिवस.

९/१५
दुसरी खूण वेगळी होती. मूठ सोडली तरी इंजिनाची गती लगेच उतरत नसे. टू-स्ट्रोकमध्ये अशा वेळी पहिला संशय चोरून शिरणाऱ्या हवेचा. कॉन्सेंट्रिकचे अंग जस्ताच्या मिश्रधातूचे. वर्षानुवर्षे नट जास्त आवळले की त्याची फ्लँज कमानीसारखी वाकते. नातीने तिच्यावर सरळ पट्टी धरली, तर मधून उजेड दिसला. सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून तिने फ्लँज हळूहळू घासली आणि ओ-रिंग नवी बसवली. गती उतरू लागली.

१०/१५
आजोबांचा दंडक एकच: एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाची वहीत नोंद. दोन गोष्टी एकत्र बदलल्या आणि गाडी सुधारली, तर श्रेय कोणाचे ते कधीच कळत नाही. पेट्रोलमधील तेलाचे प्रमाणही त्यांनी मुद्दाम कायम ठेवले. तेल वाढवले की त्याच जेटमधून पेट्रोल कमी जाते आणि मिश्रण उलट लीन होते. अनेकांना हे उमगत नाही आणि ते निष्कारण जेट बदलत बसतात.

११/१५
तीन आठवड्यांनी दुखणे परतले. आता संशय क्रँकच्या ऑइल सीलवर. एका बाजूचे सील गेले तर बाहेरची हवा शिरते. दुसऱ्या बाजूचे गेले तर प्रायमरी केसमधील तेल ओढले जाऊन दाट धूर निघतो. धूर नव्हता. आयडलिंग स्थिर होते. ठिणगीही चोख होती. सगळे साक्षीदार निर्दोष ठरले आणि तरीही गाडी चढावर मान टाकत होती.

१२/१५
उत्तर फ्लोटच्या भांड्याच्या तळाशी मिळाले. तोच तपकिरी, चिकट थर, पुन्हा नव्याने साचलेला. तो पेट्रोलबरोबर वरून येत होता. १९७२ च्या शेर्पाची टाकी फायबरग्लासची. सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये साध्या पेट्रोलात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येऊ लागले होते, आणि इथेनॉल जुन्या फायबरग्लासचे रेझिन मऊ करून विरघळवते. टाकी आतून झिजत होती आणि थेंबाथेंबाने जेटमध्ये उतरत होती. कार्ब्युरेटर गुन्हेगार नव्हताच. दुसऱ्याचे पाप त्याच्या माथी आले होते.

१३/१५
इथे प्रश्न यंत्राचा राहिला नाही. टाकीच्या डाव्या अंगावर एक लांब चरा होता. स्कॉटलंडच्या एका ओढ्यात आजोबा गाडीसकट कोसळले, त्या दिवसाचा. टाकी मूळची, रंग मूळचा, चराही मूळचा. ती जपायची तर गाडी उभी ठेवावी लागणार. गाडी चालवायची तर टाकी उतरवावी लागणार. नातीने आतून लेप देण्याचा पर्याय काढला. पण मऊ पडलेल्या भिंतीवर लेप किती टिकेल, याची खात्री कुणाला देता येईना.

१४/१५
पुराणवस्तू जपणाऱ्या प्रत्येकाला हा पेच ठाऊक असतो. मूळ भाग म्हणजे पुरावा. पण धावणे हाही यंत्राच्या इतिहासाचाच भाग आहे. शेर्पा कशी चढते, अर्ध्या वळणावर इंजिन कसे श्वास धरते, हे काचेमागे ठेवलेल्या गाडीकडून कळत नाही. आजोबा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच टाकीचे बोल्ट सैल केले. थरथरत्या बोटांनी त्यांना बराच वेळ लागला. नात पाना धरून शेजारी उभी होती. तिने हात पुढे केला नाही.

१५/१५
शरदातील त्या ट्रायलला शेर्पावर ॲल्युमिनियमची टाकी होती. नातीचे दंडगुण बरेच झाले. चौथ्या टप्प्यात तिचा पाय तीनदा टेकला, सातव्यात ती झाडात शिरली. इंजिन मात्र एकदाही बंद पडले नाही. जुनी टाकी गॅरेजच्या भिंतीवर आहे, चरा बाहेरच्या बाजूस ठेवून. वहीच्या शेवटच्या पानावर आजोबांच्या वाकड्यातिकड्या अक्षरांत पायलट जेटचा क्रमांक, स्क्रूचे दीड आटे आणि त्या दिवसाची तारीख नोंदलेली आहे. त्याखाली नातीची सही आहे.