पाहुण्यांचं बेट

मॉरिशसचं मूळचं असं कोणीच नाही. १५९८ मध्ये डच खलाशी इथं उतरले तेव्हा बेटावर माणसाची वस्ती नव्हती. आबनुसाची दाट रानं होती, महाकाय कासवं होती आणि उडता न येणारा डोडो होता. अरब आणि पोर्तुगीज दर्यावर्दींना बेट ठाऊक होतं, पण राहावंसं त्यांना वाटलं नाही. डचांनी १६३९ मध्ये जावाहून ऊस आणला, हरणं आणली. जहाजांतून न बोलावता आले ते उंदीर वेगळेच. शतक सरेपर्यंत डोडो संपला आणि १७१० मध्ये डचही कंटाळून निघून गेले. मग फ्रेंच आले. त्यांनी मादागास्कर आणि आफ्रिकेतून माणसं पकडून आणली. १८१० मध्ये बेट इंग्रजांनी घेतलं आणि त्यांनी आपल्याकडून मजूर नेले. किनाऱ्यावरच्या ज्या सुरूच्या बनात आज लोक सावलीला बसतात, तो सुरूसुद्धा बाहेरून आणून लावलेला.

सहलीच्या माहितीपत्रकात यातलं काही नसतं. तिथं निळं पाणी, पांढरी वाळू आणि दोन रिकाम्या खुर्च्या असतात. माणूस असलाच तर हातात ट्रे घेतलेला.

निळं पाणी मात्र खरं आहे. बेटाला जवळजवळ सगळीकडून प्रवाळाचं कडं आहे. समुद्राच्या मोठ्या लाटा त्यावर फुटतात आणि आत उरतं ते उथळ, शांत पाणी. त्यामुळे माझ्यासारख्या, गुडघाभर पाण्यात उभं राहून 'आलेच हं' म्हणणाऱ्या बाईलाही ब्लू बे इथं नळी तोंडात धरून पाण्यावर पालथं पडता येतं. पहिली काही मिनिटं फक्त स्वतःचा श्वास ऐकू येतो. मग खाली एक पिवळाजर्द मासा आपल्याकडे ढुंकूनही न बघता निघून जातो आणि भीती कुठल्या कुठे पळते. हे कडं काय काम करतं ते कळायला दक्षिणेला ग्री-ग्री इथं जावं लागतं. तिथं ते तुटलेलं आहे. समुद्र सरळ काळ्या खडकांवर येऊन आदळतो, आणि वर उभे असलेले लोक आपोआप दोन पावलं मागे सरतात.

याच प्रवाळावर २५ जुलै २०२० रोजी वाकाशिओ नावाचं जपानी मालकीचं मालवाहू जहाज चढलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याला तडा गेला आणि सुमारे हजार टन तेल समुद्रात पसरलं. सरकारी यंत्रणा हलायची तेव्हा हलली. त्याआधी गावोगावचे लोक किनाऱ्यावर जमले, कापडाच्या लांब पिशव्या शिवल्या, त्यांत उसाचं पाचट ठासून भरलं आणि तेल अडवायला तरंगते बांध घातले. कुणी आपले केस कापून दिले, कारण केस तेल धरून ठेवतात. ज्या उसासाठी बेटावरची रानं तोडली आणि माणसं आणली, त्याचंच पाचट लोकांनी समुद्र वाचवायला वापरलं, ही गोष्ट मला तिथल्या कुठल्याही प्रेक्षणीय स्थळापेक्षा जास्त बघण्यासारखी वाटते. पण ती आता बघायला मिळत नाही. पाणी पुन्हा निळं दिसतं.

हॉटेलात संस्कृती रात्री साडेआठला असते. जेवणाच्या टेबलांमध्ये जागा करून घेरदार रंगीत झगे घातलेल्या मुली सेगा नाचतात आणि शेवटी पाहुण्यांना हाताला धरून उठवतात. नाच वाईट नसतो. पण सेगा ही मळ्यांवरच्या गुलामांची रात्र होती. दिवसभर राबून झालं की जाळाभोवती रवान घेऊन बसायचं. रवान म्हणजे बकऱ्याचं कातडं ताणलेलं मोठं गोल चर्मवाद्य. वाजवण्याआधी ते जाळावर शेकतात. आपल्याकडे हलगीही शेकतात, त्यामुळे कातडं तापल्याचा तो वास माझ्या ओळखीचा होता. हॉटेलात मात्र तो येत नाही, तिथं वाद्याला मायक्रोफोन लावलेला असतो. पारंपरिक सेगाचा २०१४ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत समावेश झाला, हे निवेदकानं दोन भाषांत सांगितलं. खरा सेगा मला फ्लिक-आँ-फ्लाकच्या सार्वजनिक किनाऱ्यावर रविवारी दिसला. सुरूखाली चटया, पातेलं भरून बिर्याणी, पत्ते, रडणारं पोर आणि मध्येच कुणीतरी वाजवायला घेतलेली रवान. एक आजीबाई उठल्या. पाय वाळूतून न उचलता, नुसते घासत नेत, कमरेत त्या अशा काही डोलल्या की सुनांनी तोंडाला पदर लावला असता. पदर नव्हते, म्हणून त्या मोकळेपणानं हसल्या.

खाण्याबद्दल बोलायचं तर हॉटेलच्या बुफेतलं मला एकच आठवतं: ताडाच्या कोवळ्या गाभ्याचं सॅलड. एका ताटलीसाठी अख्खं झाड तोडावं लागतं म्हणून त्याला तिथं कोट्यधीशांचं सॅलड म्हणतात. चव बेताची. पैसे झाडाचे.

खरं जेवण रस्त्यावर आहे, आणि ते उभ्यानं खायचं. धोल पुरीचा ठेला शोधावा लागत नाही, रांग दिसते. सुटाबुटातला बँकवाला, हिजाब घातलेली कॉलेजची मुलगी, चिनी आजोबा आणि बांधकामावरचा गडी, सगळे एकामागे एक. पिवळी डाळ शिजवून, वाटून, हळद-जिरं घालून मैद्याच्या पारीत भरतात आणि इतकी पातळ लाटतात की पलीकडचं दिसावं. एक कुणी मागत नाही, जोडीच मिळते. वर पांढऱ्या मोठ्या दाण्यांच्या पावट्याची आमटी, टोमॅटोचं रुगाय, भाज्यांचं लोणचं आणि हिरव्या मिरचीची चटणी. चटणी 'थोडी' म्हटलं तरी ठेल्यावरचा माणूस आपल्या तोंडाकडे बघून प्रमाण ठरवतो. मग कागदात गुंडाळी. पुरी भोजपुरी घरांतली, रुगाय क्रिओल स्वयंपाकातलं, रांग सगळ्यांची.

पोर्ट लुईच्या मंडईत सब्जा आणि अगर घातलेलं गार दूध, अलुदा, पितात. सकाळी डाळीचे छोटे वडे, गातो पिमाँ, लोणी लावलेल्या फ्रेंच पावात घालून खातात. मोहरी, हळद आणि व्हिनेगर लावलेल्या माशाचं विंदाय चाखलं की गोव्याचं विंदालू आठवतं. दोन्हींचं मूळ एकाच पोर्तुगीज पदार्थात आहे, पण दोन किनाऱ्यांवर पोचून ते इतके वेगळे झाले की भाऊबंद म्हणून ओळख करून द्यावी लागते. संध्याकाळी चिनी पद्धतीच्या परतलेल्या नूडल्स, त्यावर पुन्हा लसणाचं पाणी आणि मिरची. असल्या जेवणाला 'मिश्र खाद्यसंस्कृती' म्हणण्याची पद्धत आहे. मला तो शब्द फार धुतलेला वाटतो. कुणी आनंदानं मिश्रण करायला बसलं नव्हतं. मळ्यावर मिळणाऱ्या शिध्यात भागवायचं होतं, शेजारीण जे करते ते बघून शिकायचं होतं. नंतर ते आवडायला लागलं.

ल मोर्न हा नैर्ऋत्य टोकाचा डोंगर ५५६ मीटर उंच आहे. चढाईला पहाटेच निघावं लागतं, कारण नऊनंतर ऊन डोक्यात जातं. निम्मी वाट सरळ आहे, पुढचा टप्पा खडा. हात टेकून, दोर धरून, खाली न बघता चढायचं. वाट माथ्यापर्यंत जातच नाही, अलीकडे एका क्रुसापाशी थांबते. खाली खाजणाचं पाणी हिरव्याच्या इतक्या छटांत पसरलेलं असतं की फोटो काढणारे लोक धाप लागल्याचं विसरतात. माझं लक्ष हाताखालच्या दगडाकडे होतं. काळा, खरखरीत, जागोजागी छिद्रं पडलेला. राजगडाच्या वाटेवर असाच दगड धरला होता. हा भास नव्हता. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त स्थानावरून दख्खनचा लाव्हा उसळला, त्याच स्थानावर पुढे, समुद्राचा तळ सरकत गेल्यावर, मॉरिशस उगवलं. तो विस्तव आता शेजारच्या रेयुनियन बेटाखाली धुमसतो आहे. मधली खूण म्हणून मालदीव आहेत. म्हणजे सह्याद्री थोरला आणि हे बेट कितीतरी कोटी वर्षांनी धाकटं.

या डोंगराच्या कपारींत मळ्यांतून पळालेले गुलाम लपत. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामी संपली, तेव्हा ती बातमी सांगायला निघालेले शिपाई बघून वरच्या लोकांना वाटलं आपल्याला धरायलाच आले, आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी आख्यायिका आहे. पुरावा मागू नये असं वाटायला लावणाऱ्या काही गोष्टी असतात, त्यातली ही. आमच्याबरोबरचा एक तरुण म्हणाला, 'काय थरारक जागा आहे!' तो दृश्याबद्दल बोलत होता. त्याला तरी काय म्हणावं? साहस म्हणून आपण पैसे भरून ज्या कड्यावर चढतो, तिथं कुणी जीव मुठीत धरून चढलं होतं, हे दोन्ही एका डोक्यात एकाच वेळी ठेवणं मलाही जमत नव्हतं.

आणि गुलामी संपण्याआधी तीनच महिने, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, 'अ‍ॅटलस' जहाजातून कलकत्त्याहून छत्तीस मजूर पोर्ट लुईला उतरले होते. गुलामांच्या जागी करारावरचे मजूर चालतील का, हा इंग्रजांचा प्रयोग होता. चालले. पुढच्या काही दशकांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं त्या वाटेनं आली. जिथं त्यांना उतरवून घेत, तो आप्रवासी घाट आज जागतिक वारसा आहे. फार थोडा उरला आहे, बराचसा रस्त्यांखाली गेला. दगडी पायऱ्या आहेत, स्वयंपाकाची जागा आहे, संडासांची रांग आहे. करार पाच वर्षांचा. एक दिवस कामावर गेलं नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची. पाटीवरची ही ओळ वाचून आमच्या गटातल्या एका निवृत्त साहेबांनी हिशेब करून बघितला आणि ते गप्प झाले.

या जहाजांत मुंबई बंदरातून निघालेलेही होते. रत्नागिरीकडचे, आताच्या सिंधुदुर्गातले. त्यांचे वंशज तिथं आहेत हे ऐकून आपल्याला भरून येतं, आणि लगेच आपण तपासायला लागतो: मराठी बोलतात का, चांगली बोलतात का, सण करतात का, कसे करतात. जणू ते लोक म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवत ठेवलेल्या कैऱ्या, आणि आपण झाकण उघडून वास घेणार. मीही तशीच गेले होते.

आमच्या गाडीचा चालक मराठी निघाला. पन्नाशीचा, बोलका. त्याचं आडनाव म्हणजे कुण्या पणजोबाचं पाळण्यातलं नाव. घाटावरच्या कारकुनानं नावापुढे बापाचं नाव लिहिलं आणि तेच पुढे चालू लागलं. गाव कुठलं ते त्याला माहीत नव्हतं. मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत जुन्या नोंदी आहेत, तिथं जाऊन बघायचं राहिलंय, असं तो सहज म्हणाला. घरी क्रिओल, वर्तमानपत्र फ्रेंच, कचेरीत इंग्रजी, आणि शाळेत पूर्वजांची भाषा म्हणून मराठी. त्याची मुलगी मराठीत बक्षीस मिळवून आली होती. आमचं बोलणं हिंदी-इंग्रजीत चाललं. गणपतीची आरती मात्र त्यानं स्टिअरिंगवर ठेका धरत पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. एक शब्द चुकला नाही. मला तिसऱ्या कडव्यात अडखळायला झालं, तेव्हा तो थांबला नाही.

मॉरिशसमध्ये पहिला गणपती हेन्रिएटा गावात १८९६ मध्ये बसला असं सांगतात. आज तिथं गणेशोत्सवाची राष्ट्रीय सुट्टी असते, पण ती चतुर्थीची नव्हे, दुसऱ्या दिवसाची, विसर्जनाची. गावागावांतून लोक मूर्ती घेऊन नदीवर किंवा समुद्रावर जातात, ढोलकीवर झाकरी म्हणतात. कोकणात गणपतीपुढे जाखडी नाचतात, तीच ही.

'तुमच्याकडे पण दुसऱ्याच दिवशी नेतात ना, मादाम?' त्यानं विचारलं.

कोकणात पुष्कळ घरी दीड दिवसाचाच असतो, मी म्हटलं. पण मुंबई-पुण्यात मंडळांचा दहा दिवस.

'दहा?'

दहा. मांडव, रोषणाई, मोठमोठे स्पीकर. टिळकांनी १८९३ च्या सुमारास सार्वजनिक केला, तेव्हापासून वाढत गेला. बोलता बोलता मी मनात वर्षं लावत होते. चालकाचे लोक गेले ते या सगळ्याच्या कितीतरी आधी.

त्यानं ऊस भरलेल्या एका ट्रकला वाट दिली आणि आरशातून माझ्याकडे बघितलं. 'दहा दिवस,' तो पुन्हा म्हणाला. 'म्हणजे तुमच्याकडे बरंच बदललं म्हणायचं.'