खो कुणाला द्यायचा?

खो-खो म्हणजे नुसते धावणे, असा आपल्याकडे एक समज आहे. कबड्डीत डावपेच असतात, क्रिकेटला डोके लागते आणि खो-खो मात्र शाळेच्या पटांगणात पोरांचा दम जिरवण्यापुरता, असे आपल्या महाविद्यालयाच्या कट्ट्यावरही मी अनेकदा ऐकले आहे. वाद घालण्याचा माझा स्वभाव नाही. पण गेली दोन वर्षे वर्ग सुटल्यावर एस.टी. गाठायची आणि अंधार पडेपर्यंत आमच्या वाडीतल्या पोरांना हा खेळ शिकवायचा, असा माझा क्रम आहे. त्यात जे कळत गेले ते या अंकाच्या निमित्ताने सांगावेसे वाटते.

नियम बहुतेकांना ठाऊक असतील, तरी थोडी उजळणी करतो. मधल्या पाटीवर आठ गडी आठ चौकोनांत बसतात. एकाचे तोंड या बाजूला, तर शेजाऱ्याचे त्या बाजूला. नववा पाठलाग करतो. पळणारे तिघे तिघे मैदानात येतात आणि त्यांना सगळी मोकळीक असते. बसलेल्यांच्या मधून आरपार जावे, उलटे फिरावे, मधेच थबकावे. पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली पाटी ओलांडता येत नाही. एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत सोडता येत नाही. खांदेसुद्धा काटकोनापलीकडे वळले की पंचांची शिट्टी वाजते. म्हणजे ज्याचे पाय नियमांनी बांधलेले, त्याने मोकळ्या माणसाला शिवायचे! नुसत्या वेगाने हे कसे जमणार?

खेळ आपल्याच मातीतला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास त्याला नियमांची चौकट दिली आणि १९५९-६० साली विजयवाड्याला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. पुढचा इतिहास क्रीडाशिक्षक माझ्यापेक्षा चांगला सांगतील. मला बोलायचे आहे ते आक्रमणाविषयी.

पळणारा पाटी छेदून पलीकडे गेला की पाठलाग करणारा आपोआप कुणाच्या पाठीशी उभा असतो? ज्यांची तोंडे पलीकडे आहेत त्यांच्या. आणि खो हा पाठीमागूनच द्यायचा असतो, पाठीला हात लावून आणि मोठ्याने उच्चारून. तेव्हा खो देता येईल अशी पाठ नेहमी जवळपास असतेच. प्रश्न एवढाच, की कुठली? लहान पोर हाताशी येईल त्या पहिल्या पाठीवर थाप मारते. उठलेला गडी मग पळणाऱ्याच्या मागे पडतो आणि शेपटामागून धावत राहतो. तीच थाप एक घर सोडून, पळणाऱ्याच्या पुढच्या गड्याला बसली, तर तो उठतो तो थेट समोर. पण चौकोन ओलांडून पुढे गेलात की मागच्याला खो देता येत नाही, तो नियमभंग होतो. त्यामुळे हा सगळा विचार दोन पावलांत आटपायचा. बारा वर्षांच्या मुलाकडून ही अपेक्षा करायची, म्हणजे विचार अंगात मुरेपर्यंत तेच तेच करून घ्यायचे.

आमचे मैदान म्हणजे ओहोटीची ओली, घट्ट पुळण. रेषा पायाच्या अंगठ्याने मारायच्या. भरतीला समुद्र त्या पुसून टाकतो. दोन खांब सुरूच्या खोडाचे आहेत. नियमाप्रमाणे खांबाची उंची १२० ते १२५ सेंटीमीटर आणि जाडी ९ ते १० सेंटीमीटर लागते. वडिलांनी कोयत्याने साल काढून, तासून त्या मापात बसवून दिले. वडील रापणीचे. शाळा त्यांनी चौथीत सोडली. मी महाविद्यालयात नेमके काय शिकतो हे त्यांनी कधी विचारले नाही, पण खांब तासताना खेळाविषयी मात्र खोदून खोदून विचारले.

आमच्या ठरलेल्या डावाला नाव मिळाले ते त्यांच्यामुळेच. ज्यांनी रापण पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. होडीतून जाळे अर्धगोल सोडत नेतात आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर येतात. माणसांच्या दोन रांगा ते दोर ओढतात आणि ओढता ओढता एकमेकींच्या जवळ सरकतात. एका रांगेने जोर केला की जाळे तिरके होते आणि मासळी निसटते. एके संध्याकाळी वडील काठावर बसून आमचा सराव पाहत होते. पोरे धापा टाकत होती, गडी काही बाद होत नव्हता. वडील म्हणाले, "घाई केलंस तर मासो गेलो." एवढेच बोलून उठून गेले.

तर आमची 'रापण' अशी. पहिले दोन खो झटपट द्यायचे, म्हणजे पळणारा बावचळतो. तिसऱ्याने मात्र संधी दिसली तरी खो द्यायचा नाही. त्याने पाटीला चिकटून, पळणाऱ्याच्या अर्धे पाऊल मागे राहून धावायचे. पळणाऱ्याला आता पाटी छेदायची तर याच्या अंगावरून जावे लागते, म्हणून तो खांबाकडे ढकलला जातो. खांबाला वळसा घालून तो पलीकडे गेला की आठव्या गड्याला खो. आठवा उठतो तेव्हा पळणारा त्याच्या पुढ्यातच असतो. वळसा न घालता तो खांबामागच्या मोकळ्या जागेत शिरला, तर तिथे पाठलाग करणाऱ्यालाही कुठेही वळता येते. तिसऱ्यानेच सूर मारायचा. यात एक मेख आहे. आठव्याचे तोंड पलीकडे असेल त्याच बाजूने हा डाव साधतो. उलट बाजूने सातव्याला उठवावे लागते आणि तेवढ्या अंतरात चपळ गडी निसटतो. ही मेख पोरांना फळ्यावर समजली नसती. वाळूवर आठ शिंपले मांडले, एक पालथा, एक उताणा, तेव्हा समजली.

खरी अडचण पायांची नव्हती, मनाची होती. गडी आपण मारावा असे प्रत्येकाला वाटते. गुणपत्रकावर नाव लागते ते मारणाऱ्याचे. ज्याने पळणाऱ्याला खांबापर्यंत नेले त्याची नोंद कुठेच होत नाही. आमचा सर्वांत वेगवान पोरगा तिसऱ्याचे काम सांगितले की तोंड फुगवायचा. त्याचा राग मला रास्त वाटत असे. मग मी एक वही घातली. तीत मारणाऱ्याच्या नावाशेजारी नेणाऱ्याचे नावही लिहू लागलो. महिनाभरात पोरे सराव संपल्यावर आधी दुसरा रकाना वाचायला लागली.

या दुसऱ्या रकान्यात सर्वांत जास्त वेळा येणारे नाव एका मुलीचे आहे. सहावीत होती तेव्हापासून ती आमच्यात खेळते. अंगाने बारीक, वेग बेताचाच. पण पळणारा कुठे वळणार हे तिला त्याच्या आधी कळते. तालुक्याच्या स्पर्धेत आम्ही पहिला सामना जिंकलो, दुसरा दोन गुणांनी गमावला. तिथली कडक तांबडी माती आमच्या पुळणीच्या पायांना नवी होती. ती तेव्हा मैदानाबाहेर पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसली होती, कारण संघ मुलांचा होता. परतताना टेम्पोत तिने प्रत्येक चुकलेला खो कितव्या चौकोनात चुकला ते क्रमाने सांगितले. पोरे गप्प बसून ऐकत होती.

मुलींचा संघ हवा तर मैदानात उतरायला नऊ जणी लागतात. वाडीत तिच्या वयाच्या पाच. शिवाय चौदा वर्षांखालचा गट, आणि पुढच्या हंगामात ती त्यात बसत नाही. म्हणजे जे काय व्हायचे ते याच वर्षी. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत धाराशिवची सारिका काळे भारतीय संघाची कर्णधार होती आणि तो संघ सुवर्णपदक घेऊन आला, हे मी तिला सांगितले होते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात प्रियांका इंगळेच्या संघाने नेपाळला ७८-४० असे हरवले, तो सामना तिने माझ्या मोबाईलवर पाहिला. विजयाचा आरडाओरडा चालू असताना ही विचारते, "दादा, त्येंका नऊ जणी खंय गावल्यो?" तिथे संघ सातांचा असतो हे सांगून मी वेळ मारून नेली.

शेजारच्या वाड्यांत मुली आहेत. पण घरोघरी जाऊन 'तुमची मुलगी खेळायला पाठवा' असे एकोणीस वर्षांच्या मुलाने सांगायचे, हे आपल्या गावात कसे दिसते हे सांगायला नको. शेवटी आई माझ्याबरोबर निघाली. तिने शाळा पाहिलेली नाही. मासळी विकून तिला घासाघीस मात्र उत्तम येते. मी ओटीवर उभा राहून शरीरस्वास्थ्य, शिष्यवृत्ती असे शब्द जुळवत असे, तोवर ती थेट चुलीपाशी पोचलेली असे. एका घरी संध्याकाळची मासळी साफ कोण करणार म्हणून मुलीला सोडत नव्हते. आई म्हणाली, "चेडू घटकाभर धावला तर तुझी तारली कुसतली काय गे?" त्या घरची मुलगी दुसऱ्या दिवशी आली. दुसऱ्या एका घराने दार लावून घेतले. तिसऱ्या घरी वडिलांनी अट घातली, की काळोखाच्या आत मुलीला घरी आणून सोडायचे. ते काम आता आईच करते.

हे लिहीत आहे तेव्हा आठ मुली येतात. नवव्या चौकोनाचा प्रश्न नाही, कारण चौकोन आठच असतात. प्रश्न पाठलाग करणारीचा आहे. सध्या सरावापुरता तिथे मी उभा राहतो. परवा दार लावून घेतलेल्या घरची मुलगी पाणी आणायच्या निमित्ताने पुळणीच्या कडेला हंडा ठेवून बराच वेळ उभी होती. आमच्या मुलीने तिला हाक मारली नाही, नुसते वाळूवर आठ शिंपले मांडले. हंडेवाली जवळ आली, वाकून पाहू लागली आणि तिने त्यातला चुकीचा पडलेला एक शिंपला उचलून पालथा केला. तालुक्याच्या स्पर्धेला अजून सात आठवडे आहेत.