कुंपणापलीकडची वाट

३ जून २०२४, सोमवार
गोदामाच्या मागच्या कुंपणाला आज नवे हॅलोजन लागले. आहेत एलईडी, पण म्हणायचं हॅलोजनच. ते मी छातीच्या उंचीवर, तोंड बाहेर करून बसवून घेतले. उंच खांबावरचा दिवा आपलंच आवार उजळतो आणि वॉचमनला चोरापुढे उघडा पाडतो. हा समोरून चोराच्या डोळ्यांत जातो. आत कुणी आहे की नाही, हेच कळत नाही. इथे रुळांच्या बाजूला मात्र एकही दिवा दिला नाही. रोह्याच्या गाडीच्या ड्रायव्हरला सिग्नल स्वच्छ दिसलाच पाहिजे.

६ जून, गुरुवार
अमावास्या. केबिनची ट्यूब बंद करायला लावली. वॉचमन काका आधी कुरकुरले. अंधाराला डोळा पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि एकदा मोबाइलकडे पाहिलं की ती मेहनत वाया. बाराच्या सुमारास तेच म्हणाले, "साहेब, गवताची काडी न् काडी दिसतेय." गेल्या महिन्यात इथूनच केबल गेली होती.

९ जून, रविवार
दणकून पाऊस. रात्री ओढ्याकडे बॅटऱ्या हलू लागल्या. काका शिट्टी फुंकणार, तेवढ्यात मला उमगलं: चोर कसले, वलगणीचे मासे धरायला निघालेली गावची माणसं. आमच्या उजेडापुढे एक पोरगा जागच्या जागी थिजला, मग चाचपडत पुढे आला आणि चरात पडला. गुडघा फुटला. पिशवीतून दोन मुठे, म्हणजे खेकडे, निसटून चिखलात पळाले. मुठेही असेच पकडतात, तोंडावर बॅटरी मारून. ते आठवलं आणि पोटात कालवलं. मी पट्टी बांधत होतो तेव्हा त्याची आई म्हणाली, "दादा, गोदाम राखा, पन आमची वाट कशाला आंधली करता?"
ही वाट गोदामाच्या आधीची आहे.

१० जून, सोमवार
इलेक्ट्रिशियनला दिवसभर सोडलं नाही. दिवे खाली झुकवले, झोत वाटेच्या अलीकडे पडेल इतके. वर पत्र्याची झापडं लावली. चराजवळचे दोन काढून तिथे खाली पाहणारा साधा पिवळा दिवा दिला. आता चोराला दिपवायची जागा तारेलगतची पट्टी तेवढी. तेवढी पुरे.
रात्री ओढ्यापासून स्टेशनपर्यंत बॅटरी न लावता चालून पाहिलं. चराची कड दिसते. चिंचेपाशी तिसरा दिवा अजून डोळ्यांत येतो. त्याला बोटभर झापड वाढवायचं. पत्रा सकाळी पेणहून आणतो.