आमची एक सही

नोकरीच्या निमित्ताने बारा गावांचे पाणी प्यालेल्या आम्हांस बंगळूरची चामराजपेट पहिल्या दिवसापासून आवडली, ती तिच्या शिस्तीमुळे. म्हैसूरच्या चामराजेंद्र ओडेयरांच्या नावाने १८९२ साली आखून वसविलेल्या या पेठेत रस्ते सरळ आहेत आणि त्यांना क्रमांक आहेत. जन्म सरकारी कचेरीत गेलेल्या माणसाला यापरते सुख कोणते!

आमच्या बिऱ्हाडाजवळच्या लहानशा उद्यानात मात्र या शिस्तीबाहेरची एक वाट होती. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांनी माती ओढून तीन उंचवटे रचले, त्यांना विटांचा आधार दिला आणि सायकली पिटाळण्यासाठी नागमोडी वाट तयार केली. कानडी, तमिळ, उर्दू, मराठी अशा सर्व बोलींत तेथे गलका चाले. आमचा नातूही त्यांत होता. घरातले घमेले कोठे नाहीसे झाले, हे आम्हांस मागाहून कळले.

एके संध्याकाळी फिरावयास आलेल्या एक वृद्ध बाई सायकलीच्या धक्क्याने पडल्या व त्यांचे मनगट मोडले. शेजाऱ्यांनी तक्रार करण्याचे ठरविले आणि मसुदा अर्थातच आमच्याकडे आला. 'विनापरवाना', 'सार्वजनिक सुरक्षितता' हे शब्द सवयीने उतरले. उद्याने व क्रीडांगणे यांच्या जतनासाठी कर्नाटकात १९८५ चा कायदा आहे. त्याचाही उल्लेख केला आणि पहिली सही आम्हीच केली.

आठ दिवसांनी मजूर आले. दुपारपर्यंत जमीन सपाट झाली.

संध्याकाळी नातू म्हणाला, "आजोबा, आम्हांला आधी का नाही सांगितलं? आम्हीच वाट पलीकडे नेली असती."

आम्हांस उत्तर सुचले नाही. मुलांना विचारावे, हे आमच्या मनातही आले नव्हते.

तक्रार खोटी होती, असे आम्ही आजही म्हणणार नाही. परंतु मार्ग निघण्याजोगा होता. याच चामराजपेटेत आर. कल्याणम्मांचे 'मक्कळ कूट', म्हणजे मुलांचा मेळा, नांदले. दूर डेन्मार्कमध्ये तर १९४३ साली, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनमधील एम्ड्रप येथे मुलांना फळ्या, विटा व माती देऊन त्यांचे क्रीडांगण त्यांनाच रचू दिले. सोबतीला एक जाणता माणूस नेमला, इतकेच.

वाचकहो, आपण बदलीची माणसे. गावोगावी बंगल्याच्या परसात चार रोपे लावावीत आणि मागून येणारा ती ठेवील की उपटील, या विचारात सामान बांधावे, हा आपणां सर्वांचाच अनुभव. तो गाठीशी असून आम्ही मुलांची वाट पुसली, ही टोचणी जात नाही.

आता दुसरा अर्ज तयार आहे. फिरण्याच्या वाटेपासून दूर, मागल्या भिंतीलगत जागा मिळावी, एवढीच मागणी आहे. मसुदा मुलांनी कानडीत केला आहे. त्यात कायद्याचे एकही कलम नाही. खाली त्यांच्या सह्या आहेत आणि सर्वांत शेवटी आमची.